चार ओहमचा सौदा

माझ्या बायकोच्या मामांनी मला फसवलं. सांगलीच्या हळद बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत मी शून्यातून वर आलो. तिथं भल्याभल्यांना जे जमलं नाही ते या साताऱ्याच्या निवृत्त फौजी माणसानं करून दाखवलं, आणि तेही माझ्याच घरचा चहा पीत.

मामा फौजेत वायरलेसवर होते. त्यांच्याइतका संशयी माणूस दोन्ही जिल्ह्यांत सापडायचा नाही. एसटीची पाटी वाचून, कंडक्टरला विचारून झालं तरी ते ड्रायव्हरच्या तोंडून गावाचं नाव वदवून घेत आणि मगच पायरी चढत. दुरुस्तीला काही उघडलं की आधी स्क्रू मोजून कागदावर लिहायचे आणि मालकाची सही घ्यायचे. मला हे फार आवडायचं. वाटायचं, माणूस आपल्यासारखाच आहे.

घरोघरी केबल येऊ लागली त्या वर्षी मी एका डॉक्टरांकडून जुना जपानी स्टिरिओ रिसिव्हर घासाघीस करून उचलला. त्याला चकचकीत पेट्यांतले दोन नवे स्पीकर अर्ध्या किमतीत मिळवले आणि ही मर्दुमकी साऱ्या बाजाराला ऐकवली. जोडायला मामा आले. त्यांनी स्पीकर उलटा केला, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"जावईबापू, हे चार ओहमचे हायत. रिसिव्हर आठ मागतोय. जोडलं तर लय करंट वडंल आन् जळून जाईल."

"नवा माल आहे, मामा. तुम्हाला जुन्याचीच सवय."

"नव्याला नावं न्हाई ठेवत मी. बदलून आना."

"भाव पाडून घेतलेला माल परत करू? बाजारात तोंड कुठं दाखवू?"

मामांनी स्पीकर अलगद खाली ठेवला. "बरं. समदं साताऱ्याला नेतो. बंदोबस्त करतो."

बंदोबस्त म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्याचा डोळा नक्की जपानी मालावर! त्यांची पाठ वळताच मी रिसिव्हरचं झाकण काढून आत ओल्या हळदीचं बोट उमटवलं. सामान बदललं तर कळावं. पंधरा दिवसांनी सगळं परत आलं, तेव्हा बोट जागच्या जागी होतं. आवाज तर असा भरदार की शेजारी गोळा झाले. "बघा, माझा सौदा!" मी म्हणालो. मामा मान खाली घालून बशीतला चहा फुंकत होते.

दिवाळीत साताऱ्याला गेलो, तर मामांचा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि तबकड्या वाजवायची त्यांची जुनी लाकडी पेटी, मुका. हा माणूस संध्याकाळी नाट्यसंगीत लावल्याशिवाय ताटावर बसत नसे. मामी म्हणाल्या, "बिघडलाय त्यो. करतो करतो म्हनत्यात, करत न्हाईत."

मामा भाजी आणायला गेल्यावर मी मागची फळी काढली. स्पीकरच्या जागी दोन भोकं, आणि खाली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, पेट्यांतून काढलेले माझे चार ओहमचे दोन स्पीकर. माझ्या चकचकीत पेट्यांमध्ये इतके महिने मामांचे आठ ओहमचे वाजत होते. मी राखण केली रिसिव्हरची, आणि चोरी झाली स्पीकरच्या पेटीत, तीही उलटी.

"हे काय मामा?" मी दारातच गाठलं.

"वरडू नका, मामी ऐकंल. तुमची बाजारात मान खाली जायला नको म्हनून..."

"मग सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का तुमी?"

मी त्यांचे आठ ओहमचे स्पीकर काढून परत द्यायला नेले. त्यांनी घेतले नाहीत. आता त्यांना ऐकूही कमी येतं. संध्याकाळी माझ्याकडे सूर लागला की ताट समोर असून घास उतरत नाही. उभ्या आयुष्यात मी कुणाचं फुकट घेतलं नाही. स्वतःची संध्याकाळ काढून, मला न विचारता, माझ्या घरात बसवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? मामा, मोठ्यानं विचारतोय. जबाब द्या.