मंगल बोलत नव्हती

मी पहिल्यांदा पुण्याला निघाले त्या दिवशी कोल्हारच्या स्टँडवर वडिलांनी माझी बॅग एसटीच्या खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाले, "मोठ्यांच्या मधी बोलायचं न्हाई. इचारलं तर व्हय म्हनायचं." आईनंही मान डोलावली. तेव्हा मला त्यात मायाच दिसली.

आता मी पुण्यात जर्मन शिकवते. नेवासा, शेवगाव, राहुरीकडच्या नर्सिंग केलेल्या मुली माझ्या वर्गात येतात. जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी हवी, तर तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. आणि या मुली तोंडच उघडत नाहीत. लिहायला सांगा, पानं भरतील. "काल काय केलंस, सांग," म्हटलं की सगळ्या माना खाली. जोड्या लावल्या, चित्रं दाखवली, एकीला पेशंट केलं, एकीला नर्स. मी फळ्याकडे वळले की मराठीत कुजबुज, पुन्हा वळले की चिडीचूप. घसा बसायचा तो माझाच. कधी कधी इतकी वैतागायचे की पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहायचे.

घोडेगावची मंगल सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत मुकी. तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली. परीक्षकाचा प्रश्न कळला नाही, म्हणून मंगलबाई हसून 'हो' म्हणाल्या. पुढच्या प्रश्नालाही 'हो'.

"अगं, पुन्हा सांगा म्हणायचं ना!"

"मोठ्या मानसाला परत बोलायला लावायचं? बरं दिसतं का, मॅडम?"

मी चिडले. पण कुणावर चिडायचं? तिला हे शिकवणाऱ्यांनीच मलाही शिकवलं होतं.

मग मी मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. मंगलनं "कळलं नाही" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचंच नाही. कितीतरी तास असे मुक्यानं वाया गेले. शेवटी एक दिवस तीच भडकली, "मॅडम, नीट बोला की!" तेही जर्मनमध्ये, क्रियापद भलत्याच जागी टाकून. मी टाळ्या वाजवल्या.

त्या खेपेला ती पास झाली. जर्मनीला गेली.

आता रविवारी तिचा फोन येतो. "मॅडम, हितं लई शांत हाय. वॉर्डात कामापुरतं बोलत्यात. खोलीवर आलं की कोन न्हाई." जिनं बोलावं म्हणून मी जिवाचं रान केलं, तिचं ऐकायला तिथं माणूस नाही. ऐकून परत तोच वैताग येतो. मग ती सुटते. घोडेगावचा बाजार, व्यालेली म्हैस, भावजयीची भांडणं. मीही पुण्यानं घासून गुळगुळीत केलेली भाषा बाजूला ठेवते आणि म्हणते, "व्हय गं, मंग काय झालं?" नवरा चमकून बघतो.

कोल्हारला भावानं नवं घर बांधलंय. तिथं मी पाहुणी असते. माझं घर म्हणाल तर रविवारचा हा फोन. तिथं दोघींच्या चुका काढायला कुणी बसलेलं नसतं.