सतरा जिनसांचं शेत

माझ्या साडूंनी लावलं नाही असं पीक आणि विचारला नाही असा प्रश्न अख्ख्या नरखेड तालुक्यात शोधून सापडायचा नाही. त्यांच्या शेतात संत्रा आहे, मोसंबी आहे, कपाशी आहे, तुरीच्या ओळी आहेत, आणि बांधावर शेवग्यापासून एरंडापर्यंत जे म्हणून उगवायला राजी असेल ते सगळं आहे. शिवाय दोन म्हशी, शेळ्या, कोंबड्या, आणि मध्यंतरी मधमाश्यांच्या पेट्याही होत्या. "एक बुडालं तं दुसरं तारते, साडभाऊ," हे त्यांचं तत्त्वज्ञान. प्रत्यक्षात एक दुसऱ्याला खात असे. शेळ्यांनी मोसंबीची कलमं फस्त केली, कोंबड्यांनी पेरलेला मूग उकरला, आणि मधमाश्यांनी खुद्द मालकाचाच कान असा फुगवला की आठवडाभर ते एका कुशीवर झोपले. पण एका वर्षी गारपिटीनं संत्रा झोडपला आणि सारं गाव कपाळाला हात लावून बसलं, तेव्हा यांच्या घरी दुधाचा पैसा चालू होता. त्यामुळे मनमोकळं हसायचीही सोय उरली नाही.

गेल्या वर्षी त्यांनी संत्र्याची जुनी, वाळलेली झाडं काढली आणि तीन एकर मोकळं झालं. शेजाऱ्याच्या मळ्यात नुसता संत्रा, आणि पठ्ठ्या बुलेटवर फिरतो. आता आपणही संत्राच लावून बाकी पसारा आवरायचा, की या तुकड्याचेही आणखी तुकडे पाडायचे? दुसऱ्या कोणी एखाद्या जाणत्याला विचारलं असतं. साडूंनी जगाला विचारलं. नागपूरला आले की माझ्या स्कूटरवर मागे बसून जरीपटक्याच्या बाजारात चौकशीला निघायचे. तिथं नुसती बटणं विकणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी गाठलं. "भाऊ, सिर्फ बटन कायको बेचते?" तो म्हणाला, "बटन के लिए पूरा नागपूर मेरे पास आता है." साडू खूश, म्हणजे संत्राच! चार दुकानं सोडून झाडूपासून अगरबत्तीपर्यंत सगळं ठेवणारा भेटला. तो म्हणाला, "कुछ ना कुछ तो रोज बिकता है जी." साडू पुन्हा तेवढेच खूश, म्हणजे पसाराच बरा! डोळे तपासायला नेलं, तर डोळ्यांत औषधाचे थेंब पडलेले असताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कानाचं काहून नाही पाहत तुमी? डोळ्याचा हंगाम बुडाला तं?" डॉक्टर आधी हसले, मग जरा विचारात पडलेले दिसले. खरं सांगतो, मलाही हळूहळू तो नाद लागला. पानाच्या टपरीवर उभा राहिलो तरी मी मनात हिशेब मांडायचो, की हा माणूस एकावर उभा आहे की अनेकांवर.

तीन एकर मात्र तसंच पडून राहिलं. कलमं लावायचे दिवस तोंडावर आले, तेव्हा आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे गेलो होतो. जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, भाकरी वाढता वाढता म्हणाली, "साऱ्या नागपूरले इचारून आले, मले नाही इचारलं."

साडूंचा घास हातातच राहिला. "मंग सांग ना वं. काय लावू?"

"नुसता संत्रा लावा. बाकी सारं काढा."

"अन् बुडाला तं?"

"बुडाला तं बुडाला. कलमाले पाणी शेजारचा कोणीही देईन. म्हैस माझ्या हाताबिगर पान्हवत नाही. पुण्याच्या पोरीचं लेकरू चालाले लागलं, अन् मी त्याले फोनवरच पाहून राहिली."

बारा महिने काही ना काही देणारं शेत बारा महिने कोणाला तरी बांधूनही ठेवतं, हे आमच्या एवढ्या चौकशीत कुठंच आलं नव्हतं. लग्नकार्याला आली तरी ताई जेवून शेवटच्या एसटीनं परत जायची. आम्ही त्याला तिचा स्वभाव म्हणायचो. मला फार वाईट वाटलं. साडूंनी त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारला नाही.

शेळ्या गेल्या, कोंबड्या नात्यात वाटल्या. म्हशी ज्यानं घेतल्या त्याच्या गोठ्यात ताई आठवडाभर जात राहिली आणि त्याच्या बायकोच्या हाताची त्यांना सवय लावून आली. तीन एकरांत संत्र्याची कलमं लागली.

पुण्याला जाताना दोघं आमच्याकडे मुक्कामाला थांबली. सकाळी ताई गॅलरीत खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, नुसती रस्ता बघत. साडू दाराशी उभे होते. मला वाटलं, आता हे खालच्या दूधवाल्याला काहीतरी विचारणार. पण ते माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "साडभाऊ, हिले बसलेली मी पहिल्यांदाच पाहून राहिलो."