मी त्याला ओवाळलं न्हाय

“म्हातारे, तोंड बंद, ताट वर!”

पाहुण्याच्या हातातला माईक चालूच होता. सगळी शाळा हसली.

सभा व्यसनमुक्तीची. शाळेनं आणि गावानं मिळून पोरं वाचवायची म्हणून बोलावलेली. मी ओवाळणीचं ताट घेऊन पाहुण्यापुढं उभी. पाहुणा माझ्या पोराच्या वयाचा, अन् मला अगंतुगं करत होता.

मी विचारलं तरी काय होतं? “दादा, शाळेच्या फाटकाला लागून तुमची टपरी हाय. तिथं पोरांना नशेची पुडी मिळती. कधी बंद करताव?”

माझ्या आठवीतल्या नातीच्या दप्तरात तसलीच पुडी सापडली होती. मैत्रिणीनं दिलेली. “आज्जी, यानं अभ्यासाला झोप येत न्हाय म्हणं.” तिनं फोडली नव्हती. अजून.

मुख्याध्यापक म्हणाले, तक्रार गावानं द्यावी. सरपंच म्हणाले, शाळेनं द्यावी. शेवटी दोघांनी मिळून बॅनर लावला. रॅली निघाली, फोटो निघाले. टपरी जागची हलली नाही.

आणि खरं सांगू? ताट धरायची मला लई हौस. नवी नवरी होते तेव्हा गावात दारूबंदीची सभा झाली. पाहुण्याकडं मान वर करून बघायची रीत नव्हती. कपाळ दिसलं की कुंकू लावायचं. चिंचेनं घासलेलं ताट घेऊन मी बावळटीनं ज्याला ओवाळलं, हातभट्टी त्याच्याच शेतात. संध्याकाळी नवरा तिथूनच झुलत आला, अन् मी त्याला सांगतेय, “आज माझंच ताट सगळ्यांत उजळ होतं!” काय ती अक्कल!

या खेपेला मान वर होती. ताट टेबलावर ठेवलं.

“तुमाला ओवाळायचं न्हाय.”

हसणं थांबलं. नातीच्या वर्गाच्या बाई पदर खोचून उठल्या. “आजी, तक्रार मी देते. तुम्ही बाया गोळा करा.”

तक्रार पोलिसांत गेली. “बघतो” म्हणालेत. बघतायत.

तोवर शाळा भरताना आणि सुटताना बाई फाटकात उभ्या, आम्ही बाया टपरीपुढं. मी पाट टाकून बसते. कुणी पोर आलं की विचारते, कुणाचा रं तू? आई कुठली? आजा काय करतो? म्हातारीला चौकशीची खोड असतेच. पोरगं पुडी विसरून पळतं.

काल टपरीवाल्यानं, त्याच पाहुण्यानं, निरोप धाडला, “म्हातारीला घरी बसायला सांगा.”

आज म्या पाट त्याच्याच घराच्या दारात टाकलाय. आधी टपरी उठंल. मग मी.