मायची मान

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला तिथल्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. पाठोपाठ दुष्काळ आला. दिवसभर कागदावर वाकून माझी मान लाकूड झाली, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी खुर्चीत बसून मानेला हलके ताण द्यायला शिकवलं. मान सुटली आणि मी लगेच शहाणी झाले!

दर शनिवारी मी देवणीकडच्या आमच्या गावी जायची. मायची मान त्या उन्हाळ्यात पार धरली होती. हाक मारली की ती अख्खी वळायची, बैलगाडीगत. रस्त्यानं मागून पाण्याचा टँकर आला तरी तिला वळून बघता येत नव्हतं, आणि त्या भीतीनं मला लातुरात झोप लागेना. तिचा इलाज एकच, उशी उन्हात टाकायची. आमच्याकडं मान धरली की सगळे हेच करतात. ऊन तेवढं फुकट होतं. उशी भाजून निघायची, मान तशीच.

"माय, खाली बस. पाठ ताठ. कान खांद्याकडं ने. खांदा वर उचलू नको गं!"

"लई शिकलीस! बसून कुठं दुखणं जातं का? लोकं म्हणतील, दिवसाढवळ्या बसून डोलायलीय."

मी चिडायची, ती हसायची. तीन रविवार असेच गेले.

चौथ्या रविवारी दुपारी, कशी कोण जाणे, ती कडुलिंबाखाली पाटावर बसली. मी हळू आवाजात सांगत गेले. डोळे मिट. श्वास सोड. जेवढी जाईल तेवढीच जाऊ दे. वारा पडला होता. सावलीसुद्धा हलत नव्हती, कुठंतरी होला घुमत होता, आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. मायचा कान खांद्याकडं कलला, चेहरा सैल पडला, तोंड किंचित उघडलं. ती बसल्या बसल्या झोपली होती. इतकी तरुण ती मला कधीच दिसली नव्हती.

टँकरनं विहिरीत पाणी ओतायची वेळ झाली. तिला उठवणं जिवावर आलं, म्हणून हंडा उचलून मीच गेले. परत येताना भरल्या हंड्याचं ओझं मानेत असं रुतलं की घर येता येईना. एका बाईनं मागून हाक मारली आणि मी अख्खी वळले. अर्धा हंडा सांडला. एवढी लाज वाटली मला स्वतःची! इतके दिवस मी मायला मान कशी वळवायची ते शिकवत होते, हंडा मात्र एकदाही उचलला नव्हता.

घरी आले तर माय जागी होती. चाहूल लागताच तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. नुसती मान!

"माय, वळली की गं!" मी ओरडलेच.

"हाव, हलकं वाटायलंय." माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेत ती म्हणाली, "आज तू आणलंस, बाई. उद्या कोण आणंल?"

माझी एसटी सकाळी सहाची होती.