तेवीस की सत्तावीस

सिहाम, तुझ्याशी तोंडानं वाद घालायला गेलं की तू हातात गरम रोटी कोंबतेस आणि विषय संपतो, म्हणून लिहिते. लैलतुल कद्रची एक रात्र हजार महिन्यांहून मोठी, हे तुलाही मान्य, मलाही. रमजानच्या शेवटच्या दहांतल्या विषम रात्रींपैकी ती नेमकी कुठली, हे देवानं झाकून ठेवलंय. तरी तुम्ही शिया तेविसावी धरून बसता आणि आम्ही सुन्नी सत्ताविसावी. एका घरात तू दोन्ही जागवल्यास, वर भट्टीही सांभाळलीस. बाई, तू झोपायचीस कधी?

एवढं लिहून मुनीरा थांबली. यंदाचं लिहायचं तर ते नीट मांडायला हवं होतं.

सिहाम म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, घस्सानची बायको. अमेरिकेत डिअरबर्नमध्ये दोघांची बेकरी. मुलगा बिलाल ‘मला भट्टी नको’ म्हणून बापाशी भांडला आणि नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला जाऊन राहिला. मधे फक्त एक पूल, पण दोन वर्षं बापलेक बोलले नव्हते.

कद्रच्या रात्रीआधी रुसवे मिटवायचे असतात. मनात अढी ठेवणाऱ्याची दुआ वर पोचत नाही, असं दोन्हीकडचे मानतात. बिलाल आईसारखा तेविसावी धरणारा, म्हणून तेविसाव्या रात्रीच्या तोंडावर त्याचा फोन आला. सिहामनं तो घस्सानपुढे धरला.

“पोराला माफी मागायचीय.”

“सत्ताविसाव्याला मागू दे. तेव्हा देईन.”

“अहो, माफी म्हणजे काय ईदचे कपडे, तारीख बघून घालायला?”

“माझी रात्र अजून आली नाही, बिलालच्या आई.”

फोनमधून आवाज आला, “बरं, बाबा.” फोन बंद झाला. घस्सान मळलेलीच कणीक पुन्हा मळत राहिला.

मुनीरा तिथंच होती. सिहामनं तिला मागच्या दारी ओढलं.

“वन्सं, ह्यांचं घोडं सत्तावीसवर अडलंय. तोवर पोराचंही डोकं फिरेल, रक्त ह्यांचंच. तुम्ही ह्यांना पंचविसाव्याला पुलापलीकडे घेऊन जा. तीही विषम रात्र, तीही असू शकते. ना माझी, ना तुमची.”

“आणि तो येईल?”

“थोरली बहीण ना तुम्ही? कान धरा.”

“साठीच्या माणसाचा?”

“मग दोन्ही धरा.”

भावाला आदल्या दिवशीच घोळात घ्यावं, म्हणून दुसऱ्या दुपारी मुनीरा बेकरीत गेली. भट्टी विझलेली. सिहाम एकटीच गल्ल्यामागे, हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं.

“कुठाय तो?”

“हात पुसले, रोट्या बांधून घेतल्या, म्हणाले इफ्तारला बिलालकडे पोचतो.”

“अगं, पण आज चोविसावी! सम रात्र, कुणीच धरत नाही!”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, मग पुलावर गर्दी कमी असेल.”

मुनीरानं भावाला काय काय सुनावायचं ते सगळं मनात जुळवून आणलं होतं. ते कुणाला सुनावणार? सिहामनं सांगितलेलं कान धरायचं काम राहिलं ते राहिलंच.