दाजींच्या उशाशी बिबट्या

"चेन उघडू नका! जागचं हलू नका!" वनरक्षक लांबून ओरडत होता. येडशीच्या अभयारण्यातल्या तंबूत मी आणि दाजी. उन्हं नुकतीच वर आली होती, आणि तंबूच्या कापडावर बिबट्याची सावली अशी पसरली होती, जणू एसटीच आडवी लावलीय. शेपूट तर पार पलीकडच्या तेर गावापर्यंत गेलं असंल. दाजींना सुखरूप आणीन, असा बहिणीला शब्द दिला होता, आणि ती सावली नेमकी त्यांच्याच उशाशी थांबली. बाहेरच्या श्वासासरशी कापड आत-बाहेर होऊ लागलं. "मेव्हणे, हेच का तुमचं सुरक्षित ठिकाण?" दाजी पुटपुटले. मला भ्यायचंही सुचेना, असला त्याचा रुबाब! मग तो घरमालकासारखा सावकाश निघून गेला. आजही घरात सुकं मटण शिजलं, की वासासरशी ते कापड माझ्या डोळ्यांपुढं हलायला लागतं. त्या सकाळी आम्ही बाहेर आलो, तर मातीत पंजे उमटले होते, एकेक भाकरीएवढा. "उशाशीच का आला हो?" मी वनरक्षकाला विचारलं. त्यानं आत वाकून दाजींची उशी उचलली. खाली न्याहारीसाठी मी लपवलेला मटणाचा डबा होता. "गाडीत ठेवा म्हनलं हुतं," तो म्हणाला.