साडूभाऊंचं साम्राज्याशी युद्ध

जगातली सगळी साम्राज्यं बुडाली, झेंडे उतरले, साहेब बोटीत बसून आपापल्या घरी गेले, ही गोष्ट पृथ्वीच्या पाठीवर फक्त एका माणसाने अजून मान्य केलेली नाही. तो माणूस सोलापुरात राहतो आणि नात्याने माझा थोरला साडू लागतो. शाळेचे गणवेश शिवायचा त्यांचा छोटासा कारखाना आहे, आणि तिथूनच त्यांनी इंग्रज, फ्रेंच, डच, बेल्जियन अशा सर्वांविरुद्ध युद्ध पुकारलेलं आहे. शत्रुपक्षाला याची कल्पना नाही, एवढीच काय ती अडचण. त्यात मी पडलो इंग्रजीचा मास्तर. म्हणजे त्यांच्या लेखी फितूर. मी दारात दिसलो की कापडाच्या ताग्यावर हात ठेवून ते विचारणार, "या साहेब. आज कुणाची बाजू शिकवून आलाव?" सासऱ्यांनी थोरली मुलगी लढवय्याला दिली आणि धाकटी फितुराला, असं ते भर लग्नकार्यात पाहुण्यांना सांगतात. पाहुणे हसतात. मीही हसतो. फितुराने दुसरं काय करायचं?

त्यांच्या युद्धाची झळ साम्राज्यांना कितपत लागली ते माहीत नाही, अक्काला, म्हणजे माझ्या मेहुणीला, मात्र भरपूर लागली. चहा घरात बंद, कारण चहापायी इंग्रजांनी चीनला अफू पाजली. एका बारशात आचारी चहा उकळत असताना साडूभाऊंनी त्याला हा इतिहास सांगायला घेतला. आचारी भला माणूस, तल्लीन होऊन ऐकत राहिला आणि पातेलंभर दूध उतू गेलं. "चीनचा बदला झाला," असं म्हणून हे गृहस्थ शांतपणे पंगतीला बसले. पुरणपोळीत जायफळ बंद, कारण जायफळाच्या बेटांवर डचांनी माणसं कापली. अक्का दर होळीला गुपचूप जायफळ किसून घालते आणि हे चौथी पोळी वाढून घेत म्हणतात, "बघ, जायफळाशिवाय काय अडलं का?" एकदा कांगोतल्या रबराचं काहीतरी वाचनात आलं. रबरासाठी बेल्जियनांनी तिथल्या लोकांचे हात तोडले, हे कळल्यावर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी बालवाडीच्या चड्ड्यांतलं इलॅस्टिक काढून नाडी घातली. गाठ वेळेत न सुटल्यामुळे त्या वर्षी सोलापुरातल्या बालवाड्यांमध्ये जे काही झालं, त्याचं वर्णन मी करणार नाही. आया मोर्चा घेऊन आल्या. साडूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा मोर्चासमोर माघार घेतली. "लोकांचा उठाव हाय. मानावाच लागतो," म्हणाले.

मार्च महिन्यात एके दिवशी ते गल्लीभर जिलबी वाटतात. इथिओपियाने इटलीच्या फौजेला धूळ चारली, त्या आनंदात. गल्लीला वाटतं, यांना दरवर्षी नातू होतो. कारखान्यातल्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे, पण आफ्रिकेवर त्यांनी कापड टांगलेलं असतं. गोऱ्या साहेबांनी आखलेल्या तिथल्या सरळ रेषांच्या सरहद्दी त्यांना बघवत नाहीत. "माणसांवर पट्टी ठिवून कापतंय का कुणी? आमी साधी चड्डी कापताना अंग मोजतो की!"

पण त्यांचा खरा राग टायवर. शर्ट शिवतील, पिनोफ्रॉक शिवतील, टाय शिवणार नाहीत. इंग्रजांच्या मार्शल लॉच्या दिवसांत सोलापुरात गांधी टोपी घातली म्हणून त्यांच्या आजोबांनी भर चौकात मार खाल्ला होता. "आज्यानं डोक्यावरच्या टोपीसाठी पाठ फोडून घेतली, आन मी पोरांच्या गळ्यात साहेबाचा फास घालू?" असं ते विचारत. त्यामुळे इंग्रजी शाळा एकेक करून दुसरीकडे गेल्या. टायशिवाय कुठली शाळा गणवेश घेते? गेल्या वर्षी तर निम्म्या मशिनींवर पांघरूण पडलं. शिवायला येणाऱ्या बायका हळूच अक्काला विचारू लागल्या, "पुढच्या महिन्यात यायचं का नको?" अक्का साडूभाऊंकडे बघे. ते नकाशाकडे बघत.

अशात गणवेशांच्या एका प्रदर्शनात त्यांचं शिवणकाम पाहून टांझानियाच्या एका बाईंनी भेटायला येतो म्हणून कळवलं. बाई तिकडे दोन-तीन शाळा चालवत होत्या. साडूभाऊ हरखले. गिऱ्हाईक येतंय म्हणून नव्हे, दोस्त राष्ट्र येतंय म्हणून! दोन गुलामांनी मालकाच्या भाषेत बोलायचं नाही, असं ठरवून त्यांनी फोनवरून तिकडची स्वाहिली भाषा शिकायला घेतली. कटिंग टेबलापाशी उभे राहून दिवसभर "करीबू, करीबू" म्हणत. करीबू म्हणजे 'या, स्वागत आहे'. अडचण आलीच तर असावा म्हणून स्टेशनवर जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. "शत्रूची भाषा येणारा एक माणूस फौजेत लागतो," असं वर सांगितलं.

पुण्याहून येणाऱ्या गाडीतून बाई उतरल्या. उंच, भक्कम बांधा, रंगीबेरंगी झगा, चेहराभर हसू. साडूभाऊ हात जोडून म्हणाले, "करीबू!" बाईंनी दार-ए-सलाममधल्या गुजराती दुकानदारांकडून शिकलेलं वाक्य तितक्याच उत्साहानं टाकलं, "केम छो?"

साडूभाऊ गडबडले. "केम? न्हाय न्हाय बाई, केम टेशन मागंच गेलं. कुर्डूवाडीच्या पलीकडं. हे सोलापूर हाय!"

मी समजावून सांगितल्यावर बाई फलाटावर इतक्या हसल्या की हमालही थांबून हसायला लागला.

कारखान्यात आल्यावर बाईंनी शिवण उलटी करून पाहिली, काज ओढून पाहिली, खूश झाल्या. आता ऑर्डर निघणार तोच साडूभाऊंनी त्यांना त्यांच्याच देशाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. जर्मनांनी तुमच्या लोकांकडून सक्तीने कापूस पिकवून घेतला, लोकांनी कापसाची झाडं उपटून टाकली, मंतरलेलं पाणी पिऊन ते बंदुकांसमोर गेले, आता गोळ्यांचं पाणी होणार म्हणून! साडूभाऊ मराठीत लढत होते, मी इंग्रजीत त्यांच्यामागून धावत होतो. बाईंचं हसू हळूहळू मावळलं. "माझी आजी त्याच भागातली," त्या म्हणाल्या. "पण ती कधी लढाईचं सांगायची नाही. नंतर पडलेल्या दुष्काळाचं सांगायची. सैनिकांनी शेतं जाळली होती. तिच्या आईने मुलांना रानातली मुळं उकडून घातली."

मी भाषांतर केलं. ज्या युद्धाच्या प्रत्येक चालीवर साडूभाऊ तासभर बोलू शकत होते, त्यातल्या जेवणाबद्दल त्यांनी कधी वाचलं नव्हतं. त्यांनी आत वळून हाक मारली, "अगं, यांना आधी वाढ." अक्काने भाकरी आणि शेंगाची चटणी आणली. बाईंनी दोनदा मागून घेतली.

जेवणानंतर बाईंनी टायचा विषय काढला. साडूभाऊंनी टोपी, आजोबा, फास, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "मलाही आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण टाय नसला तर आईबाप म्हणतात, ही कसली शाळा? पोरं समोरच्या शाळेत जातात. मला मुलं हवीत. तुम्हाला मुलं नकोत का?"

दाराशी मशिनीवरच्या बायका उभ्या होत्या. अक्का उभी होती. साडूभाऊ उठून कटिंग टेबलाकडे गेले, आमच्याकडे पाठ करून बराच वेळ काहीतरी कापत, शिवत राहिले. मग येऊन त्यांनी एक चिमुकला निळा टाय माझ्या गळ्यात अडकवला. मागे टिचबटण होतं.

"वढा," बाईंना म्हणाले.

बाईंनी ओढला. टिच्च आवाज झाला आणि टाय त्यांच्या हातात आला.

"साहेबानं वढला तर साहेबाच्या हातात जाईल. पोरगं मोकळं! यांना सांगा, असला चालत आसंल तर पाहिजे तेवढे शिवतो."

मी सांगेपर्यंत बाई थांबल्याच नाहीत. त्यांनी तो टाय पुन्हा माझ्या गळ्यात अडकवला, पुन्हा ओढला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ऑर्डर तिथेच पक्की झाली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मशिनी सुरू झाल्या.

गणवेश पोचल्यावर बाईंनी एके दुपारी व्हिडिओ कॉल केला. आम्ही सगळे फोनभोवती जमलो. प्रार्थनेला मुलं रांगेत उभी होती, निळे टाय, पांढरे शर्ट, एकदम शिस्तीत. प्रार्थना संपली मात्र, आणि टिच, टिच, टिच! ज्याने त्याने पुढच्याचा टाय ओढला. मास्तर लोक ओरडत होते. कुणी टाय डोक्याला बांधला, कुणी दप्तराला, एका पोरीने तर टायने शाळेतली शेळी बांधून आणली. "तुमचं युद्ध माझ्या शाळेत शिरलं!" बाई ओरडत होत्या. कारखान्यातल्या बायका पोट धरून हसत होत्या. मी साडूभाऊंकडे पाहिलं. ते हसत नव्हते. चष्मा कपाळावर ढकलून, फोन अगदी डोळ्यांजवळ धरून, एकेक पोर न्याहाळत होते.

कॉल संपला. फोन तसाच हातात धरून ते काळ्या पडद्याकडे बघत होते. मी विचारलं, "काय झालं?"

"शर्ट खांद्यात ढगळ झाल्यात हो," ते म्हणाले. मग अंगठ्याने फोनची काच हळूच पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. वाढायची पोरं हायत."